वीस बाजूंचा कौल

१२ डिसेंबर, गुरुवार. सांगलीत सकाळी नदीवर दाट धुकं, दहानंतर कोरडं ऊन. वारा नाही.

— न्हाई ओ ताई, निळा फासा नको, ते आत चमक्या घातलेलं बी नको — दिसायला लय झ्याक हाय, पर मला पिवळाच पायजे. मागं तुमीच केलावता न्हवं का, माझ्या आईसाठी? आमची पोरगी प्रांजल आलीवती पुण्यासनं, तिच्यासंगं मी, वडूजचा धनाजी — पंपाच्या जळक्या मोटारी भरायचं, वायंडिंगचं दुकान हाय माझं — आठवलं का? भामाबाईंचा फासा, आईच्या नावचा. आत आमच्या देवाचा, बिरोबाचा भंडारा घातलावता. तुमी म्हणला, हळद आहे ही, खाली बसेल, मी काही खात्री देत नाही — आन् ती काय उतरली ओ, उन्हात धरला की आत धूळ उडाल्यागत दिसतंय. व्हय, तोच. तो हरवला. गटारात गेला. म्हणून म्हणतो तसलाच पायजे, तेवढाच, हाताला तसाच लागला पायजे — आईची नजर अधू झालीया पर बोटं लय तल्लख. न्हाई, परवा न्हाई चालायचं. आजच. रेझिन ओतायचं, वाळू द्यायचं, घासायचं, सगळं ठावं हाय मला, मी काय घाई कराय आलेलो न्हाई — म्हंजे आलोय, घाईच हाय — पर तुमच्याकडं बिनआकड्याचा एखादा पडला असंल की? नुसत्या गुळगुळीत बाजू असलेला? हां. तो. तो इकडं द्या. वजन तर तेवढंच वाटतंय.

आता आकडे मी सांगतो तसं घाला. आधी पेन्सिलीनं, मग रंगवा. दहाच्या वरचे घ्यायचे. सगळे. अकरापासनं वीसपातुर, आन् परत अकरापासनं वीसपातुर, झाल्या का न्हाई वीस बाजू? — समोरासमोरच्या बाजूंची बेरीज एकवीस? असू द्या ओ, ह्याची न्हाई झाली तर काय बिघडतंय? असं बघू नका ताई. जुगार न्हाई हा. जुगारी माणूस आईचं नाव सांगंल का दुकानात येऊन? पोरांच्या त्या फाशाच्या खेळातच नवा नेम आलाय — प्रांजलच म्हणली — म्हाताऱ्या माणसांनी हरू नये म्हणून त्यांचा फासा — न्हाई. तसला काय नेम न्हाई. तुमी सोता खेळता हे, तुमाला मी काय गंडवणार. फासा बी हरवला न्हाई. तिच्या उशीखाली हाय. मिरजंला, दवाखान्यात.

पोटातल्या मोठ्या नसंला फुगा आलाय म्हणत्यात. टायर कापला की आतली ट्यूब कशी बाहेर येती, तसं. वरनं हात ठेवला तर हाताला लागतंय ओ — धडधड, धडधड — छातीत न्हवं, पोटात. मी एकदा हात लावला, परत लावला न्हाई. आता ती खोकली की मी उठून तिच्या पोटाकडं बघतो. डॉक्टर म्हणलं, आपरेशन न्हाई केलं तर कवा फुटंल नेम न्हाई, आन् केलं तर ह्या वयात टेबलावरनं उठंलच असं बी न्हाई. मी इचारलं, सायेब, तुमची आई असती तर? तर ते फाईलच चाळाय लागलं. भावाला फोन केला, विश्वजितला, मिलिटरीत हाय तो, लांब. तो म्हणला, दादा, तू तिथं हायस, तू म्हणशील ते. बायको म्हणती, तुमची आई हाय, तुमी बघा. सगळीच मला म्हणत्यात बघा. काय बघू? आन् जिचं पोट हाय ती म्हणती, देवाला इचारल्याबिगर मी अंगाला सुरी लावून घ्यायची न्हाई.

आता ह्यात नवीन काय न्हाई. आमच्यात समद्याला कौल लावत्यात. मेंढरं कुठल्या अंगाला न्यायची, पोरगी ह्या घरात द्यायची का न्हाई — देवाच्या अंगाला फूल चिकटवायचं, उजवीकडनं पडलं की हो, डावीकडनं पडलं की न्हाई. माझं लगीन बी तसंच ठरलं. पर देव ऱ्हायला गावाकडं, आन् डॉक्टर म्हणत्यात हिला खाटंवरनं हलवायचं न्हाई. मी म्हणलं चला, आता कौल काय लावता येत न्हाई, आता सही कर म्हणावं. तर हिनं उशीखाली हात घातला आन् तुमचा फासा काढला ओ! म्हणली, बिरोबा ह्यातच हाय की. दहाच्या वर पडलं तर कापा, दहा न् खाली पडलं तर मला घरला न्या. आज दिवस मावळायला टाकणार, एकदाच. प्रांजल म्हणली, आजी, अगं तो खेळ हाय, आपला खेळ. तर म्हणती कशी — खेळ तुझा, भंडारा माझा.

चूक माझीच म्हणा. मीच तिला खेळाय बसवली. प्रांजल सुट्टीला आली की अंगणात डाव मांडायची — ती गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी कोण कोण व्हायचं, कुणी तलवारवाला, कुणी चोर, काय करायचं म्हणलं की फासा टाकायचा, मोठा आकडा पडला तर जमलं, बारका पडला तर फसलं. आई लांबनं बघायची. मी म्हणलं, ये की, तू बी कोणतरी हो. म्हणली, मी दुसरी कोण कशाला होऊ, मी धनगरीणच हाय. आन् खरंच धनगरीण होऊन बसली, संगं आपलं घरचं कुत्रं. प्रांजलनं सांगितलं, डोंगरावरनं लांडगा आला — तर ही तिच्यावरच खेकसली, वारं वरनं खाली चाललंय म्हणलीस न्हवं, कुत्र्याला वास लागंल की, मग लांडगा वरनं कशाला मरायला ईल? गल्ली हसली. प्रांजलला लांडगा परत न्यावा लागला. आन् फासा टाकायची ते बी कसा — कपाळाला लावून. मला तवाच कळाय पायजे व्हतं. आमी टाकत व्हतो आन् ती इचारत व्हती.

म्हणून आलो. चहा आणतो म्हणून निघालो आन् सांगलीच्या गाडीत बसलो. उशीखालचा तो काढायचा आन् हा ठेवायचा, एवढंच काम हाय. लिवा तुमी. वीस. शेजारी अठरा. मग एकोणीस, खाली पंधरा — थांबा. एक बाजू बारकी ठेवा. तीन घाला. एक तरी बाजू देवाला नको का? सगळ्याच आपण घेतल्या तर त्यानं बोलायचं कुठनं? लेकरंबाळं हायेत मला, ताई. मी त्याचा भंडारा लावून मोठा झालोय, मी त्याचं तोंड बांधाय निघालो व्हय? तीन घाला. — आन् एकच ठेवली तर ते बी बरं दिसत न्हाई, भिकाऱ्याच्या वाडग्यात टाकल्यागत. अजून दोन ठेवा. सात. आठ.

लिवलं? आन् समजा मोठाच पडला. समजा पंधरा पडला. ती खुशीत आत जाईल ओ, देवानं सांगितलं म्हणून हसत जाईल, त्या खाटंवर मान टाकून — आन् उठली न्हाई तर? लोकं म्हणतील, देवाच्या कौलानं गेली, सोनं झालं. आन् मी मान हलवायची. ते पंधरा कुणी लिवलं, हे मला ठावं आन् तुमाला ठावं. न्हाई, न्हाई, खोडा ते पंधरा. पाच करा. ताई, सगळेच बारके करता का? एकापासनं दहापातुर, दोन डाव? सरळ घरला नेतो तिला, तिच्या अंगणात, तिच्या कुत्र्यापाशी — आन् मग काय, रोज रातीला तिच्या खाटंखाली निजायचं आन् ती खोकायची वाट बघायची? कवातरी फुटणारच ते, आन् तवा बी हा फासा माझ्याच खिशात असणार. खोडू नका, ऱ्हाऊ द्या, मोठे बी ऱ्हाऊ द्या. त्या अंगाला सतरा घाला. ह्या अंगाला दोन. मोठा घातला की एक बारका घालत चला, मला सांगाय लावू नका, तुमीच घाला.  उजेड अडतोय व्हय माझ्यामुळं? सरकतो.

झाले? मोजा बरं. मोठे किती? दहा. आन् बारके? — काय म्हणला? परत म्हणा. व्हय की ओ. हा साधाच फासा झाला. असले तुमच्या त्या फळीवर ढिगानं हायेत. तिच्या उशीखाली हाय तोच झाला की हा, नुसता भंडारा न्हाई आत.

हसा की, हसू दाबू नका. मला बी — न्हाई, काय न्हाई. पाणी नको. तुमी सांगा, तुमी काय केलं असतं? न्हाई, नका सांगू. खरंच नका सांगू, एवढं उपकार करा. आणखी एक माणूस मला सांगाय लागलं तर मी इथंच बसंन. तो फासा ठेवून द्या जाग्यावर. पेन्सिल हाय, पुसून जाईल. दिवस लय बारका हाय सध्या, गाडी मिळाय पायजे. उठू नका. निघतो मी.

संध्याकाळी वॉर्डात आईने उशीखालचा फासा कपाळाला लावून टाकला. आठ पडला. ऑपरेशन झालं नाही. शुक्रवारी दुपारी तिला घेऊन आम्ही वडूजला पोहोचलो.