धूर झटकून उठणारा शिपाई

धुळ्यात, हयातीच्या दाखल्याच्या रांगेत चारुलता आईला घेऊन बसली होती. मांडीवरच्या लेकीच्या मोबाइलमध्ये बॉम्ब फुटला, कार्टूनमधलं मांजर काळंठिक्कर पडलं आणि अंग झटकून उठलं. लेक खिदळली. मागच्या बाकावर एक म्हातारी शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली,

"नथ्थूभाऊ, तोंड का फिरवलं?"

"एकाहत्तरच्या लढाईत आम्हाला असलीच फिल्म दाखवली होती, वहिनी. एक येडा शिपाई सुरुंगावर पाय द्यायचा, उडायचा, नि धूर झटकून उठायचा. कुठं पाय ठेवू नये, ते शिकवायला. बठ्ठी, सगळी पलटण हसायची. तुमचा हेमराज सगळ्यात जास्त."

"हसरेच होते ते."

"त्याचा सुरुंगावर पाय पडला तेव्हा मी मागंच होतो."

"माहीत शे. शेवटी माझं नाव घेतलं, तुम्हीच सांगितलं ना?"

"नाही घेतलं. मी खोटं बोललो, वहिनी."

"मग काय बोलले?"

"काहीच नाही. धूर उठला नि मला हसू फुटलं. वाटलं, आता झटकून उठेल."

चारुलतानं मोबाइलचा आवाज बंद केला.

"बेबाबाई हेमराज पाटील!" खिडकीतून पुकारा झाला.

"चला, भाऊ. हात द्या. नि नातवंडांनी विचारलं, तर पहिलंच सांगत जा, माझं नाव घेतलं म्हणून."