सोनवणे सरांच्या विरोधातला माझा हात

मंडळी, ग्रामसभेत माझा हात वर गेला, त्या क्षणी माझं सगळं बदललं. आज सरांच्या शोकसभेला तुमी त्यांच्याच वर्गात दाटीवाटीनं बसलात. बोलायला जड जातंय. पण सरांच्या घरची माणसं मानवतहून आलीत आणि त्यांना कोणी नीट सांगितलेलं नाही. म्हणून मी सांगतो.

परिपाठात एक पोरगी रोज माईकवर पेपरातली बातमी वाचायची. त्या दिवशी तिनं वाचलं, बाहेरच्या एका देशात लोकांनी मतपेटीत चिठ्ठ्या टाकून ठरवलं, दोन पुरुषांनी एकमेकांशी लग्न करावं का आणि ते शाळेत पोरांना सांगावं का. परिपाठ संपला. माईक बंद करायचा राहून गेला. पोरीनं तिथंच विचारलं, "सर, दुसऱ्याच्या लग्नाला आपण मत द्यायचं असतं का?"

उत्तर देण्याआधी सर एक लांब श्वास घ्यायचे. शाळेच्या छपरावरच्या भोंग्यातून आधी तो श्वास आला. मग, "तुझ्या आईबाबांच्या लग्नाला गावानं मत दिलं होतं का?"

"न्हाई."

"मग यांच्या लग्नाला कशाला? दोन माणसांना एकमेकांसोबत राहायचंय. जा, वर्गात बस."

एवढंच. एवढंच सगळ्या गावात गेलं. पारावर गेलं, गिरणीत गेलं. मी गोठ्यात होतो, बादली हातात तशीच राहिली. माझ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी ते मोठ्यानं बोललं होतं.

तिसऱ्या दिवशी ग्रामसभा. अप्पा, तुमी समोर बसलात, राग धरू नका. सरपंच म्हणून तुमीच विचारलं होतं, "सर, आता आमच्या गोठ्यातले दोन हेले बी सोयरीक मागतील का?" सर म्हणाले, "विचारून सांगतो, अप्पा." लोक लय हसले. तुमी बी हसलात. मग ठराव आला. शाळेत असलं शिकवायचं न्हाई, सरांची बदली करा, हात वर करा.

भिंतीला टेकून आमी दहा-बारा पोरं उभे होतो. त्यातल्या एकाचा हात वर गेला, म्हणून माझा गेला. त्याच्यासाठी मी परभणीला कॉलेजात गेलो होतो. त्यानं सोडलं, तसं मी बी बीएस्सी अर्ध्यावर सोडली आणि घरी सांगितलं, मेसचं जेवण पचंना. त्याचं नाव घेणार नाही. तो या खोलीत आहे. बघा, तुमच्या माना फिरायला लागल्या.

मागून कोण म्हणालं, बस खाली? बसतो, काका. दोन मिनिटं.

त्या दिवशी एसटीच्या थांब्यावर सर एकटेच होते. मला म्हणाले, "हात दुखतोय का रे? लय वेळ वर धरलास." बस आली. चढताना म्हणाले, "उद्या पोरांचा भागाकार घ्यायचाय." बदली झाली येलदरीकडं. महिन्याच्या आत सर झोपले ते उठलेच नाहीत.

आता पुढचं. हे तुमी एकमेकांच्या कानात सांगता, मी उभं राहून सांगतो. सर गेल्यापासून सकाळी बातमी वाचून झाली की भोंग्यातून तो श्वास येतो. लांब. उत्तराच्या आधीचा. त्याच्या पुढं काही येत नाही. नवे गुरुजी म्हणाले, वायर खराब आहे. वायर काढली. श्वास आला. अप्पा, तुमी भोंगा उतरवून पंचायतीच्या खोलीत कुलपात ठेवलात. मग दुसऱ्या दिवशी दहाला, बातमीच्या वेळेला, गिरणीवाल्यानं पट्टा का थांबवला? बाया डोक्यावर हंडे घेऊन जागच्या जागी का उभ्या राहिल्या? माझी आई म्हणाली, "वारं असल रं." लिंबाचं पान हलत नव्हतं.

मला भूतबीत कळत नाही. सर असल्या गोष्टींना हसायचे. पण कोणी विचारल्याशिवाय सर उत्तराचा श्वास घेत नव्हते. मग विचारायलंय कोण?

मी विचारायलोय, मंडळी. रोज दहाला, गोठ्यात, मनातल्या मनात. सर, माझं काय? मनात विचारलेल्याला ते तरी काय उत्तर देतील?

म्हणून आज तोंडानं बोलतो. माझं एका पोरावर प्रेम आहे. त्यानं घाबरू नये, मी त्याला काही मागत नाही. अप्पा, ठरावाच्या वहीत लिहा, एक हात कमी झाला. माझ्या नावानिशी लिहा. आई, तू रडू नको. घरी घेणार की नाही ते संध्याकाळी सांग.

आता सगळ्यांनी उभं राहा. दोन मिनिटं कोणी बोलू नका. मी तुमच्यात उभा राहणार नाही, सरांसमोर तुमच्यात एकदा उभा राहिलोय, तेवढं पुरे झालं. मी बाहेर जातोय. आत तुमी आणि सर.

सर, जय भीम.

दार लावून घेतो.