संगीताच्या खोलीतले डबे

वॅरान्डिल पोलीस ठाणे. मंगळवार, दि. २६ ऑगस्ट २०२५, दुपारी ४.१० वाजता.

नाव लोसाना वेआ, वय १७ वर्षे, व्यवसाय शिक्षण (इयत्ता अकरावी), राहणार ७, कालव्यामागची गल्ली, वॅरान्डिल. वयाने लहान असल्याने सोबत आत्या कालोलाइने वेआ, वय ५२, काम वृद्धाश्रमाच्या धुलाईखान्यात, राहणार सदर.

मी समक्ष हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी आई, आत्या आणि दोन लहान भावांसोबत राहते. मी सहा वर्षांची असताना आम्ही टोंगा बेटांवरून इथे आलो. आई नदीकाठच्या फळांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला होती. ९ मे रोजी ती शेड जळाली. तिथे काम करणाऱ्या बहुतेकांना तेव्हापासून काम नाही. द्राक्षांच्या छाटणीला थोडी माणसे लागतात, ती ठेकेदार आपली आणतो.

चर्चच्या मागच्या खोलीत गरजू घरांना धान्य आणि डबाबंद खाण्याचे डबे मिळतात. माझ्या वर्गातली टेगन हॉलिस ही शाळेची विद्यार्थी प्रमुख असून ती शनिवारी तिथे मदतीला जाते. जूनच्या शेवटी ती मला म्हणाली, "काल मी एका बाईंना अर्धा पाव दिला आणि पुढच्या शनिवारी या म्हणून सांगितलं. पुढच्या शनिवारीही माझ्याकडे अर्धाच पाव असणार आहे." त्यावरून आम्ही पाच विद्यार्थ्यांनी शाळेत अन्न गोळा करायचे ठरवले. मुख्याध्यापिका मिसेस डर्किन यांनी १४ जुलै रोजी लेखी परवानगी दिली. कागद टेगनकडे आहे.

प्रत्येक वर्गात एक खोका ठेवला. ज्या वर्गाचे डबे सर्वांत जास्त त्या वर्गाला पिझ्झा, ही कल्पना मिसेस डर्किन यांची.

१६ जुलै ते १ ऑगस्ट या काळात डबे जमा झाले. संगीताच्या खोलीत ठेवले. डब्यांच्या मुदतीच्या तारखा तपासण्यासाठी खोलीची किल्ली मिसेस डर्किन यांनी स्वतः टेगनच्या हातात दिली. शाळेने दिलेल्या तक्रारीत कुलूप तोडल्याचे लिहिले आहे ते खोटे आहे. आम्ही पाच जण रोज मधल्या सुट्टीत तारखा बघत होतो. २०११ साली मुदत संपलेले बीट निघाले. कुत्र्याच्या खाण्याचे नऊ डबे निघाले. मुरांब्याची एक बाटली निघाली, तीत चमचा तसाच होता. टेगन म्हणाली, लोक कपाट साफ करतात आणि त्याला दान म्हणतात. पण चांगला मालही खूप आला. तांदूळ, पीठ, साखर, नारळाचे दूध, मासे, आणि आमच्या लोकांना लागतो तो डबाबंद गोमांसाचा पुलू. एकूण एकसष्ट खोके झाले.

४ ऑगस्टला सोमवारी हे चर्चला पोचते करायचे ठरले होते. त्या दिवशी सांगण्यात आले की जिल्ह्याचे शिक्षण अधिकारी स्वतः येऊन ते सुपूर्द करणार आहेत, फोटो निघणार आहे, त्यांना ११ तारीख सोयीची आहे. ११ तारखेला सांगण्यात आले की आता २२ तारीख. मध्यंतरी चित्रकलेच्या वर्गाकडून डब्यांचा मनोरा करून घेतला. तो हलवायचा नाही असा कागद दारावर लावला.

विचारणा केली असता सांगते की, होय, मी डबे नेण्याची परवानगी मागितली होती. ५, ७ आणि ११ ऑगस्टला मी आणि टेगन ऑफिसात गेलो. तिन्ही वेळा ऑफिसातल्या बेव यांनी आम्हाला बाकावर बसवले आणि तास सुरू झाल्यावर वर्गात पाठवले. त्या वागायला वाईट नाहीत. शेवटच्या वेळी त्यांनी आम्हाला बिस्किटे दिली.

मंगळवार, १२ ऑगस्टला मी चौथीच्या मुलांचे वाचन घेत होते. त्यात एक मुलगी आहे. तिचे नाव मी सांगणार नाही. धडा वाचता वाचता तिने मला विचारले, "डबे घरी कधी येणार?" मी म्हणाले, तुला कशाला? ती म्हणाली, "आमचा पुलू पण त्यात आहे. एकच उरला होता. आई म्हणाली, दे वर्गाला, आपलं नाव चर्चच्या यादीत आहे, तो आपल्याकडेच परत येईल." मी तिला विचारले, कधी दिलास? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी. म्हणजे जवळजवळ चार आठवडे झाले होते. त्यानंतर तिने उरलेला धडा नीट वाचून दाखवला.

शाळा सुटल्यावर मी थेट मिसेस डर्किन यांच्याकडे गेले. या वेळी मी बाकावर बसले नाही. मी एकच डबा मागितला. सगळे नको, एकच. कोणाचा ते सांगितले नाही, पण ज्या घरातून आला त्या घराला तो हवा आहे एवढे सांगितले. आमच्यात झालेले बोलणे मला आठवते ते असे.

त्या म्हणाल्या, "लोसाना, एकदा दिलेलं ते शाळेचं. एकाला परत दिलं की उद्या दहा जण येतील."

मी म्हणाले, "येऊ देत ना मिस. त्यांच्यासाठीच आहे ते."

"दहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

"दहा दिवस त्यांनी खायचं काय?"

"तोवर चर्च आहे."

"चर्चमध्ये काही नाही म्हणून तर आपण हे सुरू केलं, मिस."

त्या म्हणाल्या की माझा आवाज चढला आहे. चढला असेल. त्या म्हणाल्या की मनोऱ्यातून डबा काढला तर मनोरा पडेल. हे त्यांनी खरोखर म्हटले. लिहून घ्यावे.

गुरुवार, १४ ऑगस्ट रोजी दुपारी १२.४० वाजता, जेवणाच्या सुट्टीत, टेगनने संगीताची खोली किल्लीने उघडली. शेतीच्या तासाच्या चार ढकलगाड्या आम्ही आधीच मागून आणल्या होत्या. मनोरा वरून खाली काढला, एकही डबा पडला नाही. पुढच्या मोठ्या फाटकातून गेलो. फाटकावर देखरेखीला शिक्षक उभे होते, त्यांनी विचारले कुठे निघालात. मी म्हणाले, डबे पोचवायला. ते म्हणाले, अखेर एकदाचे. त्यांना वाटले परवानगी आहे. त्यांना यात ओढू नये. पाच फेऱ्या झाल्या. आम्ही लपून काही केलेले नाही. मुख्य रस्त्याने गेलो, ट्रक थांबवून लोकांनी वाट दिली. ढकलगाड्या त्याच दिवशी धुऊन जागेवर ठेवल्या.

चर्चची यादी टेगनला पाठ होती, म्हणून थेट घरोघर दिले. एकतीस घरे. काही घरांत माणसे दारात येऊन हसली, काहींनी दार थोडेच उघडून खोका आत ओढून घेतला. एका घरी बाईंनी आम्हाला जेवून जा म्हणून आग्रह केला. आत्ताच आमचं झालं, तुम्ही बसा, असे त्या म्हणत होत्या. चुलीवर काही नव्हते. फ्रिज उघडाच होता आणि त्याची वायर काढून ठेवलेली होती. आम्ही बसलो नाही. त्या घरात मी पुलूचे सहा डबे ठेवले. त्यातला एक त्यांचा स्वतःचा असेल किंवा नसेल, सगळे सारखेच दिसतात.

आमच्या घरी काही ठेवले का, अशी विचारणा केली असता सांगते की, नाही. आमचे नाव यादीत आहे का, असे विचारले. त्याचे उत्तर मी देत नाही.

२.१५ वाजता आम्ही वर्गात परत आलो. गणिताच्या तासाला उशीर झाला त्याची नोंद आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मिसेस डर्किन यांनी पोलिसांत तक्रार दिली आणि त्याच दिवशी मला सोमवारपासून पाच दिवस शाळेत यायला बंदी केली. टेगनचे प्रमुखपद काढून घेतले. बाकी तिघांना ताकीद मिळाली. टेगनचे वडील शाळेत जाऊन मोठ्याने बोलून आले. माझ्याकडून कोणी गेले नाही. पोलिसांची गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा आईने पडदे लावून घेतले. आमच्या घरात आत्याचा शब्द शेवटचा असतो. आत्या मला एवढेच म्हणाल्या, "नेलेस ते नेलेस. पण चार वेळा मागायला कशाला गेलीस?"

शुक्रवार, २२ ऑगस्टचा कार्यक्रम झाला. मी घरी होते, टेगनकडून कळले ते सांगते. खानावळीतले रिकामे खोके आणून त्यांवर शाळेचा झेंडा अंथरला. शिक्षण अधिकाऱ्यांनी त्यावर हात ठेवून फोटो काढला आणि मुलांच्या उदार मनाबद्दल भाषण केले. टेगनला बाजूला उभे राहायला सांगितले, ती राहिली नाही. पिझ्झा चौथीला मिळाला.

माल परत करण्याविषयी विचारले असता सांगते की, आज बारावा दिवस आहे. परत करायला काही उरलेले नसणार.

डबे कोणाकोणाला दिले त्यांची नावे सांगितल्यास शाळा तक्रार मागे घेईल आणि माझ्यावर पुढे काही होणार नाही, असे सीनियर कॉन्स्टेबल रॉस विदर्स यांनी मला दोनदा समजावून सांगितले. ते माझ्याशी नीट बोलले. मी त्यांना विचारले, ती यादी कोणाच्या हातात जाईल? ते म्हणाले, फाइलला लागेल. मी विचारले, फाइल कोण कोण बघतं? त्या घरांत ठेकेदाराच्या व्हिसावर आलेली माणसे आहेत. शेड जळाल्यावर ठेकेदाराने त्यांना परत जायला सांगितले आणि ती गेली नाहीत, कारण वर्षभराच्या कमाईतून तिकडे घर अर्धे बांधून झाले आहे. एकतीसही घरे मला तोंडपाठ आहेत. मी एकही सांगणार नाही. टेगनलाही विचारू नये, तीही सांगणार नाही. माझ्यावर जे काही व्हायचे ते व्हावे. माझा पुढच्या वर्षी नर्सिंगला अर्ज करायचा विचार आहे आणि तिथे पोलिसांचा दाखला लागतो, हे मला माहीत आहे. आत्यांना माहीत नव्हते. त्यांना आत्ता कळले.

आत्यांनी जबाब इथे थोडा वेळ थांबवण्यास सांगितले. दहा मिनिटे आम्ही बाहेर अंगणात उभ्या होतो. आत आल्यावर आत्या म्हणाल्या, "लिहा पुढे. ती सांगणार नाही."

केल्या गोष्टीचा पश्चात्ताप होतो का, असे शेवटी विचारले असता सांगते की, होय, होतो. ४ तारखेलाच न्यायला हवे होते. दहा दिवस मी बाकावर बसून राहिले.

यापेक्षा जास्त मला सांगायचे नाही. हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, आत्यांना टोंगन भाषेत मी समजावून सांगितला. मी बोलले तसाच तो उतरला आहे, म्हणून खाली सही करते.

लोसाना वेआ
समक्ष: कालोलाइने वेआ
जबाब घेणार: सीनियर कॉन्स्टेबल रॉस विदर्स, वॅरान्डिल पोलीस ठाणे. वेळ ५.३५.