शेवटचा हात दारात

मेहुणा : ते काही नाही दाजी, टोपी आधी डोक्यावर घाला, मग रोलर हातात घ्या.

दाजी : टोपी बादलीवर घातलीय. ऊन रंगाला लागतं रे, मला कुठलं लागतंय!

मेहुणा : ताईनं काय बजावलं होतं? अकराच्या आत गच्चीवरून खाली. साडेबारा झाले.

दाजी : तुझी ताई येणार आहे का वर रंग द्यायला? कालवलेला रंग घट्ट व्हायला लागतो. एवढा दुसरा हात मारू की उतरलोच.

मेहुणा : पहिल्या हातालाही हेच म्हणालात.

दाजी : तेव्हा खोटं बोललो. आता खरं बोलतोय.

मेहुणा : निदान पाणी तरी प्या. बाटली आहे तशी भरलेली.

दाजी : पाणी प्यायलं की दर तासाला चार मजले उतरा. सकाळचा चहा पुरतो मला.

मेहुणा : मोठी गंमत आहे. खालच्यांना गार वाटावं म्हणून गच्ची पांढरी करायची आणि आपण वर भाजून निघायचं. डोळे उघडवत नाहीत या पांढऱ्यापुढे. मी टाकीमागचा कठडा ब्रशनं उरकतो, तुम्ही जमीन घ्या.

दाजी : घेतो.

मेहुणा : दाजी, तुमचा घाम थांबला की! माझा सदरा पिळला तर बादली भरेल. नशीबवान आहात.

दाजी : तीस वर्षं झाली. घामसुद्धा कंटाळला.

मेहुणा : हे बरंय. ऐकू येतंय ना? टाकीमागून बोलतोय मी.

दाजी : वहिनी आली का?

मेहुणा : कोण वहिनी?

दाजी : डबा घेऊन.

मेहुणा : तुम्हाला भाऊच नाही, वहिनी कुठून आली?

दाजी : मग डबा कोण आणणार?

मेहुणा : झालं सुरू! मागच्या कामावर अर्धा दिवस बहिरे झाला होतात, मालकासमोर घसा फोडून घेतला मी. आता नाही फसायचा.

दाजी : मला घरी जायचंय.

मेहुणा : जाऊ की. हा कठडा झालाच... अहो! हे काय केलंत? दारापासून सुरुवात?

दाजी : दारापासून.

मेहुणा : मला पहिल्या दिवशी काय शिकवलंत? लांबच्या कोपऱ्यापासून मागं मागं यायचं, शेवटचा हात दारात. आता दारापुढं सगळं ओलं. आपण बाहेर कसं पडायचं?

दाजी : तू कोण?

मेहुणा : पुरे हं दाजी. हसलो मी, झालं समाधान? ... दाजी? तुम्ही माझी थट्टा करता, ताईची करता, मालकालाही सोडत नाही. कामाची कधी केली नाहीत. इकडे बघा बरं. अरे देवा, अंग आहे की तवा! बाई! अहो खालच्या मजल्यावरच्या बाई, वर या!

बाई : काय झालं? अगंबाई, दारातच ओला रंग!

मेहुणा : दाजींना काहीतरी झालंय. मला ओळखत नाहीत. का ओळखतात? मलाच काही कळेनासं झालंय.

बाई : मग बघत काय उभे राहिलात? आणा त्यांना रंग तुडवत!

दाजी : रंगावर पाय नको.

मेहुणा : बघा, रंग कळतोय. म्हणजे शुद्धीवर आहेत ना?

बाई : रंगाला ओळखतात आणि मेहुण्याला नाही, ही कसली शुद्ध? उचला!

(जिन्यात, सावलीला.)

बाई : रुग्णवाहिका निघालीय. फोनवर सांगतायत, सदरा काढा आणि अंगभर पाणी ओता. मी पुठ्ठ्यानं वारा घालते. हा बर्फ फडक्यात घ्या. मानेला आणि काखेत धरा.

मेहुणा : आधी दोन घोट पाजतो.

बाई : नको! नीट शुद्ध नाही तोवर तोंडात थेंबही घालायचा नाही, ठसका लागेल.

मेहुणा : सकाळपासून प्या प्या म्हणून मागं लागलो, आणि आता मीच पाजायचं नाही?

बाई : घाम कधी थांबला, विचारतायत.

मेहुणा : मघाशीच. मी... मी त्यांना नशीबवान म्हणालो.

बाई : हात थांबवू नका. ओता.

मेहुणा : ताईला काय सांगू मी?

बाई : ते नंतर. ओता.

दाजी : ...गार.

मेहुणा : दाजी! मी कोण, सांगा. मी कोण?

दाजी : ओरडतोस काय कानात. मेहुणा. दुसरं कोण एवढं ओरडतं?

बाई : गाडी आलीय खाली. बोलायला लागले तरी दवाखान्यात न्यायचंच, असं सांगितलंय.

दाजी : जिन्यात हे पांढरे पाय कुणाचे?

मेहुणा : माझे.

दाजी : ओल्या रंगावरून आलास?

मेहुणा : हो.

दाजी : म्हणजे सुरुवात दारापासून झाली. कुणी केली?

मेहुणा : ...मी केली, दाजी.

दाजी : गाढवा! किती वर्षं शिकवतोय तुला.

मेहुणा : चुकलं.

दाजी : डोकं तापलं असेल तुझं. टोपी घालत जा.

मेहुणा : घालतो, दाजी.