शंकरपाळ्यांचं अंगण

(राहात्याजवळची एक वस्ती. काल टाकलेल्या काँक्रीटच्या अंगणात निळ्या सुताची एकच सरळ रेघ उमटली आहे आणि गोजरबाई तिच्यावर पाट टाकून बसल्या आहेत. समोर त्यांचा थोरला मुलगा कानिफनाथ आणि कटर मशीन घेऊन आलेला गोरक्षनाथ.)

कानिफनाथ: आई, ऊठ. मशीनवाला कवाचा नुसता उभा हाय.

गोजरबाई: त्यालाबी पाट दे बसायला. मी काय उठत न्हाई.

गोरक्षनाथ: मावशी, माझं काय न्हाई. पण ऊन चढायच्या आत कटर फिरला पायजे. रेघा कापल्या न्हाईत तर काँक्रीट आपल्या मनानं तडकतं. मग चीर कुठनं बी जाती.

गोजरबाई: काप की. रेघांना मी कुठं न्हाई म्हनते? ह्या एका रेघेला न्हाई म्हनते.

गोरक्षनाथ: तेच मला कळंना. दादा, फोनवर तुमी डिझाईन म्हनला हुता. इथं तर मावशींच्या उंबऱ्यापासून फाटकापर्यंत एकच रेघ.

कानिफनाथ: तू तेवढीच मार. डावीकडं माझं अंगण, उजवीकडं ओंकारचं. पुढचं मी बघतो.

गोजरबाई: पुढचं काय ते सांग ना त्याला. फाटकाबाहेर विटा कशाला उतरवल्यात?

कानिफनाथ: भिंतीला. त्यात लपवायचं काय? दोन वरसं झाली, भावाभावात बोलणं न्हाई. विहिरीवरच्या मोटारीच्या पाळीवरून चारचौघांत नको ते बोलला मला. धाकटा असून. त्याचं तोंड रोज का म्हनून बघायचं मी?

गोजरबाई: आन मी? रेघ माझ्या उंबऱ्यातनं निघती. एक पाय तुझ्यात आन एक त्याच्यात टाकून बसू?

कानिफनाथ: तुला भिंतीत दार ठेवतो की.

गोजरबाई: माझ्या घरात मला दार ठेवणारा तू कोन रे? घर अजून माझ्या नावावर हाय. माझ्या डोळ्यादेखत इथं भिंत उठायची न्हाई.

कानिफनाथ: लोक हसत्याल. म्हातारी अंगणात धरणं धरून बसली म्हनत्याल.

गोजरबाई: हसू दे. दिशानं मघाशी चहा आणून दिला, जेवणबी इथंच आणंल. ओंकारची बायको हाय, तुझ्यासारखी रुसून बसली न्हाई. ऊन लागलं तर डोक्यावर पदर हाय.

गोरक्षनाथ: दादा, तडा गेला तर मग मला बोल लावू नका.

गोजरबाई: तुला कोनी काय म्हनत न्हाई. मला सांग, शंकरपाळ्या पाडता येत्यात का तुला?

गोरक्षनाथ: तिरप्या रेघा व्हय? येत्यात की. संगमनेरला एका मंगल कार्यालयाला पाडल्या. पण कडेला बारीक तुकडे राहत्यात, ते पुढंमागं तडकत्यात.

गोजरबाई: कडा तडकू दे. मधी तडकायला नको. शंकरपाळ्यात हरएक रेघ ह्याच्या बाजूनं निघती आन त्याच्या बाजूला जाती. त्यातली कुठली धरून भिंत बांधतो ते बघू.

कानिफनाथ: भिंत काय रेघेबिगर उठत न्हाई व्हय?

गोजरबाई: उठव. पयली वीट माझ्या मांडीवर ठेव.

कानिफनाथ: तुला सारखा त्याचाच पुळका.

गोजरबाई: तुझ्या देवघरातल्या कोब्यावर काय हाय? शंकरपाळ्याच. तुझ्या बापानं ओल्या सिमेटवर सुतळी दाबून पाडल्या. एक टोक तुझ्या हातात, एक ओंकारच्या.

कानिफनाथ: म्हनून तर एक वाकडी झाली. हलला तो. मारबी खाल्ला.

गोजरबाई: खाल्ला. रडला न्हाई पण.

गोरक्षनाथ: मावशी, काय ते लवकर ठरवा. सूत धरायलाबी मानूस लागंल. माझा जोडीदार आज आला न्हाई.

गोजरबाई: कानिफ धरंल.

कानिफनाथ: मी?

गोजरबाई: तू धरलंस की मी पाट उचलते. न्हाईतर बसते हितंच, आन जाऊ दे चीर जायची तिकडं.

कानिफनाथ: लई हट्टी हायेस तू.

गोजरबाई: हाय.

कानिफनाथ: भिंतीचं मागनं बघू. आण रे ते टोक. कुठं धरायचं?

गोरक्षनाथ: तिकडं, दादा. ओंकारदादांच्या उंबऱ्याला टेकवा.

कानिफनाथ: आई...

गोजरबाई: मला काय सांगतोस? दार उघडंच हाय.

कानिफनाथ: दिशा... ह्या चपला जरा सरकव गं. सूत लावायचंय.

गोजरबाई: आता हलू नको, कानिफ. तवा ओंकार न्हाई, तूच हलला हुतास. मी बघितलं हुतं.