लाल चिठ्ठी कोणाची

मधुकर : ...आणि दुसरा नियम असा लिही. ‘प्रत्येकाने लेखाखाली खरं नाव, क्वार्टरचा टाइप आणि नंबर द्यावा.’

सुचेता : काका, नंबर दिला तर नाव कशाला पाहिजे? आपल्या टाउनशिपमध्ये नंबर सांगितला की त्या घरात आज काय शिजलं तेही लोक सांगतात.

मधुकर : म्हणूनच. ज्याला तोंड लपवायचंय त्याला आपल्या ब्लॉगवर जागा नाही.

सुचेता : मग कोणी लिहिणारच नाही. सच्ची. आता कुठे लोक बोलायला लागलेत, युनियनचं इलेक्शन आलं म्हणून. आधी तर नुसते गणपतीचे फोटो यायचे.

मधुकर : गणपतीचे फोटो बरे होते. त्यापायी कोणी माझ्याशी बोलणं टाकलं नव्हतं.

मंगला : चहा घ्या. सुचेता, तुझ्यात आलं जास्त टाकलंय गं. कोणी बोलणं टाकलं?

मधुकर : आधी ती खिडकी लाव. तो शेजारचा अनंतराव केव्हाचा तुळशीला पाणी घालतोय. एवढं पाणी तुळशीला लागतं का?

मंगला : त्यांची तुळस, त्यांचं पाणी.

मधुकर : कान इकडे आहेत त्याचे. सकाळी दुधाच्या बूथवर गेलो, तर बोलत उभे होते ते सगळे एकदम गप्प. एकानं तर मला नमस्कार केला आणि आभाळाकडे बघत बसला. अगं, अख्ख्या टाउनशिपला वाटतंय की ब्लॉगवर लिहिणारी ती ‘लाल चिठ्ठी’ मीच आहे!

सुचेता : वाटणारच ना, काका. ब्लॉग तुमचा, आणि नोकरीभर लाल चिठ्ठ्या तुम्हीच लावल्या.

मधुकर : जॉबला लावल्या, मशीनवरून उतरलेल्या मालाला! इन्स्पेक्टरनं जॉब नापास केला की त्याला लाल चिठ्ठी लागते, हे कारखान्यातलं सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच कोणीतरी मुद्दाम ते नाव घेतलंय. मला गोवायला.

मंगला : तुम्हाला गोवून कोणाला काय मिळणार? रिटायर झालात तुम्ही.

मधुकर : मित्र तुटेल ना माझा! श्रीकांत आणि मी एकाच बॅचचे, वयानं तो जरा धाकटा. नागपूरहून एकाच गाडीनं या गावात उतरलो. आज तो युनियनचा सेक्रेटरी आहे, पुन्हा उभा आहे, आणि माझ्याच ब्लॉगवर कोणीतरी त्याचे धिंडवडे काढतंय.

सुचेता : धिंडवडे कुठे? एवढंच लिहिलंय की नेत्यांच्या क्वार्टरची छतं आधी दुरुस्त झाली आणि बाकीच्या लाइनीत बादल्या ठेवाव्या लागतात. नाव पण नाही घेतलं कोणाचं.

मधुकर : बाथरूममधल्या गुलाबी टाइल्सपर्यंत लिहिल्यावर नाव घ्यायला राहिलं काय?

मंगला : पिस्ता रंगाच्या.

मधुकर : असेनात कुठल्याही. मुद्दा तो नाही. काल श्रीकांत इथे बसून गेला, सुचेता. एवढा मोठा माणूस, पण चेहरा पार उतरला होता. म्हणाला, ‘मधू, मला फक्त नाव कळव. बाकी तुझ्या क्वार्टरचं माझ्याकडे लागलं.’

सुचेता : मतलब, नाव दिलं तर क्वार्टर?

मधुकर : असं तो म्हणाला नाही.

मंगला : म्हणाले नाहीत, पण दोन्ही वाक्यं एका दमात म्हणाले.

मधुकर : तुला सगळ्यात खोट दिसते. सुचेता, आम्हाला महिनाअखेर हे क्वार्टर सोडायचंय. आनंद नगरचं घर अर्धवट पडलंय, ना फरशी ना दारं. श्रीकांतनं इस्टेट ऑफिसात शब्द टाकला तर मुदत वाढेल. नाही टाकला तर हा पसारा घेऊन मी जाऊ कुठे?

सुचेता : कळलं, काका.

मधुकर : कळलं ना? मग लिही. तिसरा नियम. ‘एका माणसाने एकाच नावाने लिहावे.’ चौथा, ‘कामावर टीका करावी, माणसावर करू नये.’ पाचवा, ‘उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे.’

मंगला : हा नियम कोणासाठी?

मधुकर : ब्लॉगसाठी.

मंगला : असं होय. मला वाटलं, घरासाठी.

मधुकर : तू जा बरं आत. सुचेता, आता मुख्य काम. प्रत्येकाला ब्लॉगवर येताना ई-मेल द्यावा लागतो ना? लाल चिठ्ठीचा काढ.

सुचेता : काका, ते नाही चालत. आपणच वर लिहिलंय की कोणाची माहिती कोणाला देणार नाही.

मधुकर : ते बाहेरच्यांना. मी मालक आहे.

सुचेता : लोकांनी तुमच्यावरच भरोसा ठेवून दिलंय ना पण. आणि तो काही नावाचा ई-मेल नसतो. कोणी पण कसा पण बनवतो.

मधुकर : बरं. मग तो लेखच काढून टाक. आत्ता. श्रीकांतचा फोन यायच्या आत.

सुचेता : तो पण नाही काढता येत.

मधुकर : का? मशीन बिघडलंय?

सुचेता : तुमचाच नियम आहे, जुना. हे बघा, तुम्ही सांगितलेलं आणि मी टाइप केलेलं. ‘कारखान्यातल्याप्रमाणे, ज्याने चिठ्ठी लावली त्यानेच ती काढावी. दुसऱ्या कोणीही, अगदी वरिष्ठानेही, हात लावू नये.’ मी तेव्हा पण बोलली होती, हा ब्लॉग आहे, कारखान्यातलं शॉप नाही. तुम्ही ऐकलं नाही.

मधुकर : ते मी चांगल्या लोकांसाठी लिहिलं होतं.

सुचेता : नियमात तसं नाही लिहिलंय.

मधुकर : तू फार वकिली करतेस आज. मघापासून बघतोय मी. नाव नको, नंबर नको, ई-मेल दाखवणार नाही, लेख काढणार नाही. का गं?

सुचेता : का म्हणजे? बरोबर नाही म्हणून.

मधुकर : मी विचार करतोय. श्रीकांतच्या बाथरूममध्ये कोण जाणार? बाहेरचा माणूस बैठकीत बसतो, चहा पितो, उठतो. आतपर्यंत जाणार एक तर टाइल्स लावणारा मिस्त्री, नाही तर गिझर दुरुस्त करणारा. गिझर कोणी दुरुस्त केला त्यांचा?

सुचेता : काका...

मधुकर : रवींद्रनं. तुझ्या बाबांनी. आणि रवींद्र कुठल्या युनियनचा? समोरच्या. तुझे बाबा बघून येणार, तू लिहिणार, आणि गोवला जाणार मी. माझ्याच घरात बसून, माझाच चहा पिऊन!

सुचेता : बाबांनी आजपर्यंत कोणाच्या घरातलं बाहेर सांगितलं नाही. मंडीदीपच्या नोकरीवरून थकून येते मी आणि तुमचं काम करते, फुकटात, आवडतं म्हणून. आणि तुम्ही मला... जाते मी. पासवर्ड कागदावर लिहून देते, तुम्हीच बघा काय ते.

मंगला : बस, सुचेता. खाली बस. अहो, पोरीला एक शब्द बोलू नका. रवींद्रभाऊंनी काही पाहिलं नाही आणि हिनं काही लिहिलं नाही. मी लिहिलंय.

मधुकर : तू मध्ये पडू नकोस, मंगल. हिला वाचवायला काहीतरी...

मंगला : लाल चिठ्ठी मी आहे. आणि टाइल्स पिस्ता रंगाच्या आहेत. श्रीकांतभावजींकडे हळदीकुंकवाला गेले होते, तेव्हा वैजयंतीवहिनींनी स्वतः आत नेऊन दाखवल्या. मलाच नाही, सगळ्या बायकांना. कौतुकानं. तुमच्या हिशेबात मिस्त्री आला, गिझरवाला आला, बायका नाही आल्या.

मधुकर : तुला टाइप कुठे येतं?

सुचेता : मी शिकवलं, काका. रविवारी दुपारी, तुम्ही लायब्ररीत पेपर वाचायला जाता तेव्हा. पण काकू लिहितात काय ते मला नव्हतं माहीत. त्या दिवशी बाथरूमचं वाचलं तेव्हा समजलं, टाइल्सचं काकूंनी मला आधीच सांगितलं होतं.

मधुकर : आणि तू सांगितलं नाहीस?

सुचेता : ज्याचं त्यानं सांगायचं ना.

मधुकर : थांब, थांब जरा. मंगल, त्या लेखात एक वाक्य आहे. ‘युनियनचं आश्वासन म्हणजे न तपासता पास केलेला जॉब.’ हे बाईमाणसाला सुचणारं वाक्य नाही. इन्स्पेक्शनमधल्या माणसाचं आहे.

मंगला : तुमचंच आहे ते. भरली वांगी केली होती त्या दिवशी. देठ बाजूला काढता काढता म्हणालात.

मधुकर : मी?

मंगला : सगळी वाक्यं तुमचीच आहेत. छताचं, बादलीचं, पाण्याच्या टाकीचं. ताटावर बसलात की तुम्ही कोणाची भीडभाड ठेवत नाही. मॅनेजमेंट नाही, युनियन नाही. आणि हात धुवून बाहेर पडलात की, ‘वा श्रीकांत, झकास चाललंय तुझं.’ मी पोळ्या वाढताना ऐकते आणि फाटकापाशी उभी राहून तेही ऐकते.

मधुकर : घरातलं बोलणं घरात ठेवायचं असतं.

मंगला : का? खोटं होतं?

मधुकर : खोटं नव्हतं. पण म्हणून असं चव्हाट्यावर मांडायचं?

मंगला : मला वाटायचं, हा माणूस एक दिवस बाहेर बोलेल. नोकरी होती तोवर मी समजून घेतलं. मग रिटायर झालात, ब्लॉग काढलात. मला किती आनंद झाला होता, तुम्हाला सांगते. म्हटलं, आता लिहिणार. तर तुम्ही नियम लिहायला बसलात. पहिला नियम, दुसरा नियम. माझा राग नाही हो तुमच्यावर. वाईट वाटलं मला, खूप वाईट वाटलं.

सुचेता : काकू, पाणी देऊ?

मंगला : नको गं. ठीक आहे मी.

मधुकर : मग मला बोलायचं होतंस. हे असं माझ्या पाठीमागे, माझ्याच ब्लॉगवर... आणि मी दिवसभर लोकांकडे संशयानं बघत फिरतोय. त्या अनंतरावाची तुळससुद्धा सोडली नाही मी.

मंगला : तुम्हाला बोलले असते तर तुम्ही म्हणाला असतात, जाऊ दे, श्रीकांत आपला माणूस आहे.

मधुकर : आहेच आपला माणूस! त्याच्या हातात क्वार्टर आहे आपलं, मंगल. हे लिहिताना तुला ते आठवलं नाही?

मंगला : आठवलं. पहिल्यांदा टाकलं त्या रात्री झोप लागली नाही मला. पण मागच्या खोलीत टपटप चालूच होतं. म्हटलं, ज्या छताखाली राहायला एवढं घाबरायचं, ते छत तरी धड असावं.

मधुकर : काढून टाक ते. तू लावलीस, तू काढू शकतेस. नियमातही बसतं.

मंगला : एक ओळ खोटी दाखवा. लगेच काढते.

मधुकर : आता मी काय प्रत्येक ओळ तपासत बसू?

मंगला : तेच तर काम होतं तुमचं. वाचा.

मधुकर : कुठाय ते, सुचेता, मोठं कर अक्षर. ‘आमच्या मागच्या खोलीत पावसाळाभर बादली असते...’ हे चूक आहे. मागच्या खोलीत पातेलं आहे.

मंगला : बादली भरून वाहायला लागली म्हणून पातेलं लावलं.

मधुकर : ‘तक्रार लिहून द्या म्हणतात, दिली की हरवते...’ हं. हे खरं आहे. दोनदा मीच नेऊन दिली होती. ‘मत मागायला येतात तेव्हा मात्र चप्पल काढून आत बसतात...’

सुचेता : काका, हसताय तुम्ही.

मधुकर : हसत नाही. तो खरंच चप्पल काढतो. बरोबर निरीक्षण आहे.

(फोन वाजतो.)

सुचेता : काका, श्रीकांतकाकांचाच आहे.

मंगला : अहो, ऐका. घेऊ नका लगेच. मी काढते ते. सांगा त्यांना, कोणीतरी बाहेरचा होता, गेला निघून. मी पुन्हा लिहिणार नाही. एवढं सामान घेऊन बिनदाराच्या घरात कुठे जायचं आपण? मला आता भीती वाटायला लागलीय.

मधुकर : दे तो फोन, सुचेता. हं, बोल श्रीकांत... हो, घरीच आहे... हो. लागला पत्ता.

मंगला : अहो!

मधुकर : काही नाही रे, इथे मंगल मध्येच बोलली... नाही, बाहेरचं कोणी नाही. रवींद्र? छे, त्याचा काही संबंध नाही. त्याच्या पोरीचाही नाही, मी उगाच संशय घेतला... अरे, ऐकून तर घे पूर्ण. आमच्याच घरातून लिहिलंय... लेख? लेख नाही निघणार. मी वाचला पुन्हा, ओळ न् ओळ तपासली. पास आहे... ओरडू नकोस, ऐकू येतंय मला... क्वार्टरचं तुला योग्य वाटेल ते कर, त्यावर मी काही म्हणणार नाही... नाही, श्रीकांत. सगळ्यांना तसंच वाटतंय, पण ती चिठ्ठी मी नाही. मंगलनं लिहिलंय... हो, आमच्या मंगलनं... तेच तर म्हणतोय मी. लिहायला मी हवा होतो.