ऑरव्हिल काकांचं मत

व्हर्ना : मग शाळा नकोच असं सरळ म्हण ना, हार्लन. उगाच आडवळणं कशाला?

हार्लन : शाळा नको असं कधी म्हटलं मी? छप्पर गळतंय तर छप्पर बदला. त्यासाठी अख्खी नवी इमारत आणि जमिनीवर वीस वर्षांचा जादा कर कशाला? आमच्या रस्त्यावर बारा गोठे होते, आता चार उरलेत. त्या चौघांनीच भरायचा का सगळा?

व्हर्ना : सव्वीस वर्षं त्या शाळेत पोरांना जेवण वाढलंय मी. छप्पर बदललं की भिंत ओल धरते, भिंतीला गिलावा केला की खोल्या तापवणारा बॉयलर रुसतो. आणि शाळा बंद पडली तर पाच-पाच वर्षांची लेकरं बर्फातून एकतीस मैल ब्रॅडलला जाणार. तू पाठवशील तुझ्या नातीला?

हार्लन : नातीला मध्ये आणू नकोस. गाडी बघून चालव.

व्हर्ना : मी बघूनच चालवतेय. मागच्या खेपेला चार मतांनी पडला आमचा प्रस्ताव. चार! या खेपेला पास करून घेणार मी. लिहून ठेव.

हार्लन : तुला दारोदार हिंडताना पाहिलंय, म्हणून नाही म्हणत नाही. पण मी विरोधातच मत देणार.

व्हर्ना : दे की. तुझा हक्क आहे. आधी तो केक घे, भोपळ्याचा आहे.

हार्लन : हाच केक नडतो मला. परवा पक्षाच्या बैठकीत एक जण म्हणाला, हार्लन बेक आता नावापुरताच रिपब्लिकन उरलाय, त्या डेमोक्रॅट बाईबरोबर गाडीतून हिंडतो आणि तिच्या हातचं खातो.

व्हर्ना : मग सांगायचं त्याला, कायदाच आहे तसा. वृद्धाश्रमात मतं घ्यायला दोन्ही पक्षांचा एकेक माणूस गेला पाहिजे. एकटी मी गेले तर तुमचे बोंबलतील, एकटा तू गेलास तर आमचे.

हार्लन : आता दोघं जातो तर दोन्हीकडचे बोंबलतात.

व्हर्ना : पण निम्म्या आवाजात. मला आमच्यातल्या एकीनं विचारलं, त्याच्याकडं बंदुका आहेत ना गं? म्हटलं, आहेत, आणि दर नोव्हेंबरात हरणाचं मांस आणून देतो तेव्हा मी ते सोडत नाही. चल, आलं. यादीत पहिलं कोण?

हार्लन : तूच वाच.

व्हर्ना : चष्मा विसरलास की काय?

हार्लन : चष्मा डोळ्यावरच आहे. वाच तू.

व्हर्ना : ऑरव्हिल क्वामे. खोली अकरा.

(खोली अकरा. खिडकीशी आरामखुर्चीत ऑरव्हिल काका, वय त्र्याण्णव.)

ऑरव्हिल : हे बूट हार्लनचे. बरोबर कोण आहे?

व्हर्ना : मी व्हर्ना टोलेफसन, काका. शाळेतली.

ऑरव्हिल : हां, मटार जास्त शिजवणारी. बस, पोरी.

हार्लन : काका, नियमाप्रमाणं विचारतो. मतपत्रिका भरायला मदत लागेल का?

ऑरव्हिल : आंधळ्याला विचारतोस? लागेल. व्हर्ना भरेल.

हार्लन : मी आहे ना! चाळीस वर्षं जत्रेत पक्षाचा तंबू सांभाळला आपण दोघांनी.

ऑरव्हिल : म्हणूनच म्हणतो. तू बसून ऐक. भरू दे तिला.

व्हर्ना : वरच्या सगळ्या जागा झाल्या, काका, तुमच्याच पक्षाच्या. आता शेरीफ. दोन नावं आहेत...

ऑरव्हिल : त्या बाईला दे.

व्हर्ना : हार्लन, खोकायचं नाही. नियमात बसत नाही ते.

हार्लन : घसा आहे, येतो खोकला.

ऑरव्हिल : खोकू दे त्याला. बाई डेमोक्रॅट आहे, ठाऊक आहे मला. ट्रॅक्टर खड्ड्यात गेला तेव्हा चिखलात उतरली होती ती. पुढं वाच.

व्हर्ना : आता शेवटचा प्रश्न. शाळेच्या नव्या इमारतीसाठी जादा कर बसवावा का? हो की नाही? काका? ... काका?

हार्लन : हळू बोल. झोप लागलीय त्यांना.

व्हर्ना : आता?

हार्लन : आता काय? तेवढा प्रश्न कोरा ठेव आणि पाकीट बंद कर. अजून सात जण वाट बघतायत.

व्हर्ना : ते काय म्हणणार होते ते तुला ठाऊक आहे.

हार्लन : पक्कं ठाऊक आहे. कराचं नाव काढलं की ते नाहीच म्हणतात, मी लहान होतो तेव्हापासून. पण ते तोंडानं बोलले नाहीत, तर आपण भरायचं नाही.

व्हर्ना : भरा कुठं म्हणतेय मी? थांबू या म्हणते. ते सात जण आधी करू, मग परत येऊ.

हार्लन : व्हर्ना, वेड लागलंय का तुला? चार मतांनी पडलात तुम्ही. हा प्रश्न कोरा राहिला तर तुझाच फायदा आहे.

व्हर्ना : म्हणूनच मला पाकीट बंद करता येत नाही. तुझा फायदा असता तर केलं असतं मुकाट्यानं.

हार्लन : हे तुमच्या लोकांना कळलं तर फाडून खातील तुला.

व्हर्ना : खाऊ देत. शाळा हवीच आहे मला, पण झोपलेल्या म्हाताऱ्याच्या जिवावर नको.

ऑरव्हिल : कुणाच्या जिवावर? आं? शाळेचं राहिलंय ना अजून?

व्हर्ना : राहिलंय, काका. पुन्हा वाचते. नव्या इमारतीसाठी जादा कर बसवावा का?

ऑरव्हिल : नाही.

व्हर्ना : तुम्ही ‘नाही’ म्हणालात. ‘नाही’पुढचा गोल काळा करतेय. बरोबर?

ऑरव्हिल : बरोबर. नीट कर, बाहेर जाऊ देऊ नकोस. रागावलीस?

व्हर्ना : रागावले. पण नीट केलाय. हार्लन, बघ आणि सही कर.

हार्लन : (पत्रिका खिडकीच्या उजेडात डोळ्यांशी धरून) बघितलं. नीट आहे.

ऑरव्हिल : त्यानं बघितलं म्हणजे झालं. मटार मात्र जास्तच शिजवायचीस तू.

(परतीच्या वाटेवर, गाडीत.)

हार्लन : केक आहे का अजून?

व्हर्ना : आहे. तोंड का उतरलंय? जिंकलास ना एक मत?

हार्लन : काकांनी मतपत्रिका तुझ्याकडं दिली तेव्हा लागलं मला. चाळीस वर्षांची दोस्ती आमची.

व्हर्ना : आणि मला काय गुदगुल्या झाल्या? माझ्याच हातानं ‘नाही’ भरून घेतलं म्हाताऱ्यानं. पण बघ तू, तेवढं एक धरूनसुद्धा येणार आमची शाळा.

हार्लन : येईलही. ते झोपले तेव्हा मी काय म्हणालो? पक्कं ठाऊक आहे म्हणालो.

व्हर्ना : चूक नव्हतं ते.

हार्लन : चूक नव्हतं. तेच डोक्यात घोळतंय. व्हर्ना, ती बारीक अक्षरातली यादी मला वाचता येत नव्हती. डॉक्टर म्हणतात फार तर दोन वर्षं, मग दोन्ही डोळे गेले.

व्हर्ना : अरे देवा. आणि हे आत्ता सांगतोस? घरी माहीत आहे?

हार्लन : आज सांगतो. पण एक आधी कबूल कर. माझी पाळी आली की माझी मतपत्रिका तू भरायचीस.

व्हर्ना : मी? तुमच्यात भली माणसं नाहीत का?

हार्लन : आहेत. पण मी काय म्हणणार ते त्यांना आधीच ठाऊक असेल. तू विचारशील.